इंडियाना जोन्सची १/६ फिगर आली खरी, पण यात हॅरिसन फोर्ड कुठंय?

पेठेतला_खजिनदार (पुणे)

मंडळी नमस्कार, थोडं रडगाणं आहे आणि थोडा सल्लाही हवाय. इंडियाना जोन्सची (हॅरिसन फोर्डने रंगवलेला सिनेमातला हॅट-चाबूकवाला हिरो) १/६ स्केलची, म्हणजे खऱ्या माणसाच्या सहाव्या हिश्शाची फिगर घेतली, पहिल्या भागातला म्हणजे १९८१ चा लूक. प्री-ऑर्डर केली होती, पैसे आधीच भरलेले, मग तारीख पुढे, परत पुढे, असं करत वर्षाच्या वर गेलं. इथे थेट मागवली तर कस्टमला काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे, म्हणून सिंगापूरला मेव्हणा असतो त्याच्या पत्त्यावर मागवली आणि तो दिवाळीला आला तेव्हा स्वतःच्या शर्टांमध्ये गुंडाळून घेऊन आला बिचारा. कंपनीचं नाव घेत नाही, घेतलं की इथे दोन तट पडतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला.

जॅकेटला तोड नाही. कोपराशी जो चुरगळलेला जुनाटपणा हवा तो आहे, झोळीचा पट्टा, चाबकाची वीण, बुटांच्या घासलेल्या टाचा, सगळं मन लावून केलंय. मग चेहऱ्यावरचं पारदर्शक प्लास्टिक काढलं आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. हा कोण? फोर्डचे कपडे घातलेला कोणीतरी सज्जन गृहस्थ आहे. आईने जाता जाता बघितलं आणि म्हणाली, "हा आपल्या सोसायटीचा आधीचा सेक्रेटरी ना रे, हॅट कधीपासून घालायला लागला?" आणि वाईट याचं वाटलं की एकदा ते डोक्यात बसल्यावर मला आता दुसरं काही दिसतच नाही.

नेमकं सांगायचं तर तोंड चुकलंय. फोर्ड हसताना ओठाची एकच बाजू वर जाते, इथे दोन्ही कोपरे सारखे, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे. हनुवटीवरचा व्रण म्हणजे नुसती रंगवलेली रेघ, त्याला खोली नाही. डावा डोळा किंचित बाहेर बघतोय असं वाटतं. आणि त्वचेचा रंग, उन्हात रापलेला पाहिजे तर हा नारिंगीकडे झुकलाय. जाहिरातीतल्या फोटोंमध्ये यातलं काहीच नव्हतं हो, ते फोटो बघूनच तर पैसे भरले. माझ्या पीसचे फोटो खाली टाकलेत.

तर प्रश्न असे की माझाच पीस असा आलाय की सगळ्यांचा, आणि याचं करू काय, रिपेंट, हेड बदलणं, की सरळ विकून मोकळा होऊ? परत पाठवायचा प्रश्नच नाही, दुकान तिकडे, बिल मेव्हण्याच्या नावावर.

सायनचा_सर्किट

सेक्रेटरी हाहाहा. आधी थकलेला मेंटेनन्स भर भावा, मग चेहरा बदलून मिळेल.

बाकी माझ्या एका मित्राकडे हीच आहे, त्याचीही तोंडाची तीच गत, डोळे मात्र ठीक आहेत. म्हणजे तोंड सगळ्यांचंच असं आणि डोळा तुझ्या नशिबाचा.

गिरगावचा_लेन्सवाला

खजिनदार, फोटो टाकलेत ते कशाने काढले? मला वाटतं फोनच्या मुख्य कॅमेऱ्याने अगदी जवळ जाऊन. रागावू नका पण त्या फोटोंवरून लाइकनेस, म्हणजे चेहऱ्याचं साम्य, ठरवूच नका.

सांगतो का ते. चेहऱ्याचा आकार फोटोत कसा दिसेल हे कॅमेरा किती लांब आहे यावर ठरतं. १/६ चं डोकं साधारण पावणेचार सेंटिमीटरचं असतं. तुम्ही फोन १२ सेंटिमीटरवर धरला तर ते खऱ्या माणसाच्या तोंडासमोर ७२ सेंटिमीटरवर कॅमेरा धरल्यासारखं झालं, कारण सगळंच सहापट करायचं. त्या अंतरावरून कोणाचाही फोटो काढा, नाक पुढे येतं, कान मागे पळतात, गाल बारीक होतात, सेल्फीत आपण स्वतःलाच ओळखू येत नाही ते यामुळेच. चांगला पोर्ट्रेट दीड-दोन मीटरवरून काढतात, म्हणजे फिगरसाठी तीस-पस्तीस सेंटिमीटर मागे या आणि टेलिफोटो लेन्स असेल तर ती वापरा, नसेल तर तसाच काढून क्रॉप करा, थोडं धुरकट येईल पण चेहरा खरा येईल. आणि कॅमेरा फिगरच्या डोळ्यांच्या रेषेत पाहिजे. आपण टेबलावर ठेवून वरून काढतो, मग कपाळ मोठं आणि हनुवटी गायब, आणि फोर्डचं तर अर्धं व्यक्तिमत्त्व हनुवटीत आहे.

जाहिरातवाले हे सगळं करतातच, वर एका बाजूने एकच मोठा मऊ लाइट, समोरचा अर्धा चेहरा सावलीत. आपल्याकडे शोकेसमध्ये वरून एलईडीची पट्टी, ती हॅटवर पडते, खाली चेहरा सपाट. नारिंगी रंगाचं अर्धं पाप त्या पिवळ्या पट्टीचं असू शकतं, एकदा सकाळी खिडकीपाशी धरून बघा.

पेठेतला_खजिनदार

दादा, करून बघितलं, खिडकीपाशी, लांबून, डोळ्यांच्या रेषेत, फोनच्या तीनपट झूमवर. फरक आहे, नाकाडोळ्यांची मांडणी बरीच जवळ आली आणि रंगही निवळला. पण तोंड सेक्रेटरीचंच आहे. हॅट काढली तर अजूनच वाईट, केस डोक्याला चिकटलेले.

चाकणचा_साचेवाला

मी खेळणी बनवत नाही, गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट बनवतो, पण प्लास्टिक सगळीकडे प्लास्टिकच. जाहिरातीत जो दिसतो तो प्रोटोटाइप असतो, कॉम्प्युटरवर झीब्रशसारख्या सॉफ्टवेअरमध्ये घडवलेलं डोकं, रेझिनमध्ये प्रिंट केलेलं आणि एका कसलेल्या माणसाने हाताने रंगवलेलं, एकच नग. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं की प्रत्यक्ष माल थोडा वेगळा असू शकतो, ते आपण कोणी वाचत नाही.

तुमच्या घरी आलंय ते मऊ पीव्हीसीचं डोकं, साच्यातून निघालेलं. मऊ पीव्हीसी थंड होताना आकसतं, एक ते तीन टक्के धरा. साचा बनवताना तेवढा मोठा करतात हे ठीक, पण सगळीकडे सारखं आकसत नाही, गालाची जाड जागा जास्त, पापणीची पातळ कमी. गरम असताना साच्यातून ओढून काढलं की कडा अजून गोल होतात. पावणेचार सेंटिमीटरच्या डोक्यात एखादा टक्का इकडचा तिकडे झाला म्हणजे तिसरा हिस्सा मिलिमीटर, खऱ्या चेहऱ्यावर ते दोन मिलिमीटर. माणसाच्या ओठाचा कोपरा दोन मिलिमीटर खाली आला तर तो हसतोय की ताटकळलाय हेच बदलतं.

व्रणाचं तसंच. प्रोटोवर बारीक खाच असणार, साच्यात ती बुजली, मग फॅक्टरीने वर रेघ मारून दिली. आमच्याकडे याला कोणी दोष म्हणणार नाही, टॉलरन्सच्या, म्हणजे चालवून घेण्याजोग्या फरकाच्या आत आहे म्हणतील. गाडीच्या बंपरला ते चालतं.

एडिसनचा_अण्णा (न्यू जर्सी)

अरे फोर्डचा चेहरा आजचा प्रॉब्लेम आहे का! १९७८ मध्ये केनर या खेळण्यांच्या कंपनीने स्टार वॉर्सच्या पावणेचार इंची फिगर काढल्या तेव्हापासून हे चाललंय. पहिल्या बारा फिगरमध्ये हान सोलो (तोही फोर्डच) होता, त्याचं डोकं आलं छोटंसं, शरीराला न शोभणारं, मग मोठ्या डोक्याचा काढला. आजही कलेक्टर "स्मॉल हेड" आणि "बिग हेड" म्हणूनच ओळखतात आणि दोन्ही ठेवतात. १९९५ मध्ये त्याच मालिकेची नवी फिगर आली तेव्हा राजकुमारी लेआच्या चेहऱ्याला इथल्या लोकांनी माकडतोंडी नाव ठेवलं, ते आजतागायत सुटलेलं नाही. तेव्हा निदान पाच-सहा डॉलरची होती, हसून सोडून देता यायचं.

आता फोर्डच का अवघड, माझं मत सांगतो. देखणा नट म्हणून लोक त्याचा चेहरा सरळ, रेखीव समजतात, आणि तो तसा बिलकुल नाही. नाक जरा वाकडं, हनुवटीवर व्रण (तरुणपणी गाडीच्या अपघातात झालेला, आणि १९८९ च्या तिसऱ्या भागात त्याची वेगळी गोष्टच घालून टाकली, की लहानपणी चाबूक हाताळताना लागला), भुवया सारख्या नाहीत, आणि ते एका बाजूचं हसू. हे सगळं वाकडेपण काढलं की उरतो तो कोणीही असू शकतो. कंपनी काय करते, पिस्तूल झाडताना, पळताना, मूर्ती उचलताना, सगळ्या पोझला चालेल असा एकच मधला चेहरा देते. आयर्न मॅनवाल्या रॉबर्ट डाउनी ज्युनियरला ते जमून जातं, दाढीची ती ठेवण आली की निम्मं काम झालं. जोकरला तर रंगच आहे. फोर्डकडे दाढी नाही, रंग नाही, मुखवटा नाही. फक्त हावभाव, आणि नेमका तोच काढून घेतात.

आणि मंजुरीची भानगड वेगळीच. लायसन्स देणारा स्टुडिओ बघणार, बऱ्याचदा नटाच्या बाजूचे लोकही बघणार, आणि कुठल्या नटाला आपल्या नाकाचं वाकडेपण ठळक केलेलं आवडेल? प्रत्येक टेबलावर थोडं थोडं इस्त्री होत जातं. या फिगरचं तसंच झालं असा माझा दावा नाही, पण धंदा असा चालतो.

कंजूष_कलेक्टर

मला एक कळत नाही. सगळं माहिती असताना तुम्ही लोक प्रोटोचे फोटो बघून वर्षभर आधी पैसे का भरता? तो फोटो म्हणजे मुलगी बघायला आलेल्यांना दाखवलेले कांदेपोहे आहेत हो, रोजचा स्वयंपाक नव्हे. फिगर दुकानात लागते, लोकांच्या घरच्या फोटोंचा पूर येतो, तेव्हा बघा आणि घ्या. चेहरा बिघडलेला असला तर किंमत आपोआप उतरते, चांगला असला तर चार पैसे जास्त द्या, निदान डोळे उघडे ठेवून दिलेले असतील.

आणि भारतात तर हा जुगार दुप्पट महाग. २०२० मध्ये खेळण्यांवरची बेसिक आयात ड्युटी २० वरून ६० टक्के केली, २०२३ मध्ये ७०, वर सरचार्ज, वर जीएसटी. सरळ मार्गाने आणलं तर जवळपास मूळ किमतीइतकेच पैसे परत मोजायचे, आणि मग चेहरा बघून रडायचं.

माझ्याकडे हॅजब्रो कंपनीची २०२३ ची सहा इंची इंडी आहे, ॲडव्हेंचर सिरीजमधली, पंचवीस डॉलरची. चेहरा प्रिंट केलेला आहे, भिंगाखाली धरला तर ठिपके दिसतात, पण हातभर लांबून बघा, फोर्ड आहे.

पेठेतला_खजिनदार

कंजूषभाऊ तत्त्वतः पटतं, पण फोर्डची चांगली निघाली असती तर पहिल्याच लॉटमध्ये संपली असती आणि मग तुम्हीच "आधी का नाही घेतलीत, आता दीडपट द्या" असं म्हणाला असता. आणि सहा इंचीला खरं जॅकेट नसतं, माझा निम्मा जीव त्या जॅकेटात आहे.

कंजूष_कलेक्टर

म्हणालो असतो, खरंय. जॅकेट हँगरला लावून ठेवा मग.

रंगपेटी_पेण

डोळ्यांवर कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितो. मी फिगरची डोकी रिपेंट करतो, शिकलो मात्र घरी, आमचा पेणला गणपतीचा कारखाना. तिथे मूर्तीचं बाकी रंगकाम कोणीही करतं पण डोळ्यांची आखणी शेवटी आणि ठराविक हातानेच होते, माझा काका आखणीला बसला की मधे कोणी बोलायचं नाही. डोळा चुकला की दागिने, पीतांबर, सगळं फुकट जातं, गिऱ्हाईक मूर्तीकडे बघून "काहीतरी वेगळं वाटतंय" एवढंच म्हणतं आणि पुढची उचलतं.

१/६ ला हिशेब बघा. खऱ्या डोळ्याची बुबुळं साधारण बारा मिलिमीटरची, फिगरवर दोन. दोन बाहुल्यांमधलं अंतर साडेदहा मिलिमीटरच्या आसपास. फॅक्टरीत डोळे बहुतेक पॅड प्रिंटिंगने छापतात, रबरी गादी शाई उचलते आणि डोळ्यावर टेकते, डोकं पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरमध्ये ते केसभर हललं की एक डोळा बाहेर गेला. तुमच्या डाव्या डोळ्याचं तेच झालेलं दिसतंय. सर्किट म्हणाले ते बरोबर, हा नशिबाचा भाग आहे, नगानगाला वेगळा. हॉट टॉईज या फिगरवाल्या कंपनीने डीएक्स मालिकेत फिरवता येणारे डोळे आणले ते म्हणूनच लोकांना एवढे आवडले, डोक्याच्या मागून छोट्या दांडीने नजर हवी तिकडे वळवायची, त्या मालिकेत इंडीही होता. तुमच्यात ती सोय नाही ना? नसेल तर डोळे पुसून परत रंगवावे लागतील.

अजून एक, प्रत्येक डोळ्यात जो पांढरा ठिपका असतो चमक म्हणून, तो फॅक्टरीने दोन्हीकडे मधोमध दिलाय असं फोटोत दिसतं. त्याने माणूस दचकलेला वाटतो. वरच्या पापणीची सावली बुबुळाच्या वरच्या कडेवर थोडी खाली ओढली तर निम्मा सेक्रेटरी तिथेच जाईल. फोर्ड नेहमी थोडे डोळे बारीक करून बघतो, पूर्ण उघडे नाही.

नाशिकची_शोकेस

पेणकरदादा, डोळ्यांचं मान्य पण तोंडाचं काय करणार? रंगाने ओठाचा कोपरा वर जात नाही. माझं स्पष्ट मत आहे की स्कल्प्टच, म्हणजे चेहऱ्याची घडणच चुकली असेल तर रिपेंटवर पैसे घालू नयेत, मी एका डोक्यावर घातले होते आणि शेवटी हातात आला तो छान रंगवलेला अनोळखी माणूस.

खजिनदार, तुम्ही हॅट काढल्यावर केस चिकटलेले म्हणालात ना, ते मुद्दाम तसं आहे. हॅट काढता-घालता आली पाहिजे म्हटलं की केस चपटे करावे लागतात, नाहीतर हॅट डोक्यावर उंच तरंगते. चपटे केले की हॅट नसताना कपाळ मोठं. दोन्ही एकाच डोक्यात बसत नाही, म्हणून काही कंपन्या केसांचा वरचा भाग बदलायला देतात, त्याची फट दिसते पण निदान आकार बरोबर राहतो. तुम्ही हॅट काढूच नका. पुढून थोडी खाली आणि किंचित उजवीकडे कलती घाला, काठाची सावली डोळ्यांवर पडली की त्या ठिपक्याचाही प्रश्न मिटतो.

दुसरं म्हणजे मान बघा. शर्टाची कॉलर आणि जॅकेटची कॉलर, दोन्ही खऱ्या कापडाची, आणि कापड काही सहापट पातळ होत नाही. ती मानेभोवती गोळा होते, मान गायब, मग चेहरा रुंद आणि म्हातारा दिसतो. शर्टाचं वरचं बटण उघडून कॉलर दोन्ही बाजूंना दाबून बसवा, आणि डोकं ज्या खुंटीवर बसतं तिथे ते पूर्ण खाली दाबलं गेलंय का बघा, शक्य असेल तर जरासं वर घ्या. माझ्याकडे दुसरी एक आहे, तिला एवढं केल्यावर वयाने दहा वर्षं लहान वाटायला लागली.

रंगपेटी_पेण

ताई, कॉलरचं अगदी बरोबर. पण तोंडाबद्दल थोडा वाद घालतो. कोपरा वर जात नाही, पण वर गेल्यासारखा दिसतो. एका बाजूला ओठाच्या टोकाला गडद तपकिरी रेघ अर्धा मिलिमीटर वर वळवायची, त्याच बाजूची गालावरची घडी थोडी खोल करायची, दुसऱ्या बाजूची फिकट. समोरून बघताना फसतं, अगदी बाजूने बघितलं तर पितळ उघडं पडतं. शोकेसमध्ये ठेवणाऱ्याला समोरूनच बघायचं असतं ना? व्रण मात्र रंगाने नाही होणार, तो बारीक सुईने कोरावा लागतो, आणि तिथे चूक झाली की परत नाही, म्हणून घरी करू नका.

घरी कोणी करणारच असेल तर हात जोडून सांगतो, नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. ॲसिटोन रंगाबरोबर पीव्हीसीही खातं, पृष्ठभाग चिकट होतो आणि बारीक पोत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानकाडीच्या टोकावर, आधी कानाच्या मागे लावून बघायचं. आणि वरून मॅट स्प्रे मारायची हौस असेल तर पावसाळ्यात अजिबात नाही, हवेतला दमटपणा धरून पांढुरका धुरकट थर बसतो. शिवाय डब्यातले काही लॅकर मऊ पीव्हीसीवर कधीच पूर्ण वाळत नाहीत, महिनोन्महिने हाताला चिकटतात आणि धूळ गोळा करतात. पाण्यातलं ॲक्रिलिक मॅट ब्रशने किंवा एअरब्रशने लावा.

सायनचा_सर्किट

दमटपणावरून आठवलं, मुंबईत ते जॅकेटही किती वर्षं टिकतंय बघा. खरं कातडं असेल तर वाचलात, नकली असेल तर पीयूचे पापुद्रे निघतात, माझ्या एका फिगरचा कोट असा सोलला की हातात काळा भुगा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा शोकेसमध्ये आणि ऊन लागू देऊ नका.

पेठेतला_खजिनदार

पुण्यात आहे मी, एवढी भीती नाही, पण पुड्या ठेवतो.

बरं, ताईंनी सांगितलं ते केलं. वरचं बटण उघडलं, कॉलर दाबली, हॅट पुढे ओढली. आता शोकेससमोरून सरळ बघितलं तर चालून जातो, सोफ्यावरून तर मस्तच. फोटो खाली टाकलाय, लेन्सवालेदादांच्या पद्धतीने काढलाय. जवळ गेलं की मात्र ते सारखं तोंड दिसतंच. आणि माझी अडचण अशी की मी सारखा जवळ जातो.

बाहेरच्या एका विक्रेत्याकडे वेगळं कस्टम हेड, म्हणजे कंपनीबाहेर कोणीतरी बनवलेलं डोकं दिसतंय, वाकडं हसू असलेलं, रंगवून. ते घेऊन बसवावं का?

एडिसनचा_अण्णा (न्यू जर्सी)

फोटो बघितला, पहिल्यापेक्षा कितीतरी बरा. कस्टम हेडबद्दल सावध. तिथेही फोटो एकाच नमुन्याचा असतो, कधी तर नुसता कॉम्प्युटरवरचा रेंडर, रंगवलेलं डोकं अजून जगात जन्मालाच आलेलं नसतं. म्हणजे ज्या कारणाने रडताय तेच परत. दुसरं, ही डोकी बिनलायसन्सची असतात, पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही. विक्रेत्याला सांगा, तयार डोक्याचा व्हिडिओ पाठव, दिवसाच्या उजेडात, फिरवून. कारणं सांगायला लागला तर सोडा.

आणि त्वचेचा रंग जुळवायला हाताचे पंजेही बघा. डोकं एका रंगाचं आणि हात दुसऱ्या रंगाचे असलं की कितीही भारी लाइकनेस असू दे, उसनं डोकं लगेच कळतं. इंडीचा गळा उघडा असतो, तिथली रेघ वेगळीच.

नाशिकची_शोकेस

मी असते तर पेणकरदादांकडून फक्त डोळे करून घेतले असते आणि तोंडाचा विषय सोडला असता. सगळ्यात स्वस्त आणि मूळ डोकं शाबूत. विकायची वेळ आली तर मात्र रिपेंट केलेलं डोकं काही जणांना नको असतं, हे आधीच ध्यानात ठेवा, किंमत पडते.

कंजूष_कलेक्टर

विकायची वेळ येणार नाही, हा माणूस त्या जॅकेटच्या प्रेमात आहे.

पेठेतला_खजिनदार

बरोबर ओळखलंत. ताई, तुमचंच ऐकतो, आधी फक्त डोळे. पेणकरदादा, तुम्ही करून द्याल का, किती दिवस लागतील आणि डोकं कसं पाठवू? अख्खी फिगर कुरियरला द्यायची हिंमत नाही.

रंगपेटी_पेण

देतो करून, पण गणपतीचे दिवस सोडून, मे ते भाद्रपद मी घरच्या कामात असतो, तेव्हा कोणाचंच डोकं घेत नाही. आता दिल्यास चालेल. पैशांचं मेसेजवर बोलू.

फक्त डोकं पाठवा. काढताना ओढू नका, हेअर ड्रायरने मानेच्या खालून हलकी ऊब द्या, पीव्हीसी मऊ झालं की अलगद फिरवत वर घ्या, नाहीतर आतली खुंटी तुटते. बबल रॅप थेट चेहऱ्याला लावू नका, रंगावर गोल गोल वळ उठतात. आधी मऊ टिश्यू, मग फोम, मग कडक डबा. आणि फोर्डचे तुम्हाला आवडणारे दोन-तीन फोटो निवडून सोबत पाठवा, समोरून काढलेले, १९८० च्या आसपासचे. लोक साठीतला फोर्ड पाठवतात आणि मग म्हणतात डोळे थकलेले आले.

सायनचा_सर्किट

डोकं पेणला गेलं की धड शोकेसमध्ये तसंच उभं ठेवणार का? आईंना काय सांगाल?

पेठेतला_खजिनदार

सेक्रेटरीने राजीनामा दिलाय म्हणून.